मागून आलेला ठोका

बशीतला चहा हलला. फार नाही, एक बारीक सुरकुती मधून निघाली, काठाला लागली आणि विरली. पण टेबलाशी बसलेली तिन्ही माणसं एका सुरात म्हणाली, "गाडी गेली."  आता गाडी जाणार कुठून? प्रल्हादराव रिटायर झाल्यावर डहाणू स्टेशनजवळचं क्वार्टर सोडून मल्याणला हे घर घेतलं, त्याला बरीच वर्षं झाली. इथून रूळ लांब. वारा तिकडून असला तरच शिट्टी ऐकू यायची. हलली होती ती जमीन. नोव्हेंबरपासून हलत होती आणि आता फेब्रुवारी लागला होता. तिकडे तलासरीच्या बाजूला लोक धडधाकट घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपत होते, आणि इथे ह्या तिघांच्या जिभा अजून क्वार्टरमध्येच मुक्कामाला होत्या. पहिला मोठा हादरा आला तेव्हा तर प्रल्हादरावांच्या बायकोने, सुधाताईंनी, कमालच केली होती. अख्खी गल्ली रस्त्यावर, शेजारची नयनाबेन "बहार आवो, बहार आवो" करून दारावर थापा मारतेय, आणि ह्या आपल्या आत कोथिंबीर निवडत बसलेल्या. म्हणे, "अगं, गाडी गेली असेल." नंतर तो घरातला विनोदच झाला. जमीन हलली की तिघांनी गाडीचं नाव घ्यायचं आणि हसायचं. आज मात्र लेक मुक्ता हसली नाही. तिने बशी उचलली आणि चहा बेसिनमध्ये ओतला.

"निवला होता का?" आईने विचारलं.

"नाही. नको वाटला."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. मुलगी पुण्याहून येऊन आठवडा झाला होता. आली ती खुशीत होती, आणि काल संध्याकाळपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. धड बसेना, धड जेवेना. सकाळपासून तिने दारातल्या ओट्यावरची कंपनीची सायकल दोनदा धुतली होती. चेन पुसली, ब्रेकच्या चकत्या पुसल्या, चाकाच्या तारा एकेक करून वाजवून पाहिल्या. लग्नाला निघालेल्या माणसासारखी सायकल लख्ख केली. फक्त एक गोष्ट केली नाही. सीटवर तळवा ठेवून सायकल खाली दाबायची आणि सोडायची, हे ती पुण्याच्या सायकल कारखान्यात दिवसभर करायची, येता-जाता, दुसऱ्याशी बोलता बोलता, एखादी बाई वाटेतल्या मांजराच्या डोक्यावर हात फिरवते तितक्या सहज. कालपासून तिने सीटला हात लावला नव्हता. आणि आपण लावला नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिला कुठे थारा मिळत नव्हता.

काल सायवनच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी, ती उभी होती आणि लाहू वरून येत होता. लाहू त्याच गावचा. शाळेच्या सायकलवरून ह्याच पायवाटा तुडवत मोठा झालेला आणि तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या शर्यती जिंकत गेलेला. मुक्ताच्या कंपनीने त्याला दोन वर्षांपूर्वी घेतलं ते सायकली चालवून पाहायला. नवा शॉकअप बसवला की लाहूने तो डोंगरावरून खाली आणायचा आणि काय वाटलं ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. यंत्रं आकडे देतात, पण आकड्यांना कुठे दुखत नाही. दुखतं कुठे ते लाहू सांगायचा. काल तो खाली आला, थांबला, हेल्मेट काढलं आणि दोन्ही तळहात पाहत राहिला.

"ताई, मागून ठोका आला."

"कुठे?"

"ते नाय सांगता येत. मोठ्या दगडावर नाय आला. उडी घेतली तवा पण नाय. खडकाळ संपला, आता सपाट लागल म्हटला, नि मागून आला. सीटखालून कुणी गुडघा मारला असा."

 तो कसला ठोका असू शकतो हे मुक्ताला त्या क्षणीच कळलं होतं. हे ती आज ओट्यावर उभी राहून स्वतःशी कबूल करत होती, पण कळलं होतं कालच. तेवढ्यात जवळच्या पाड्यातून लाहूची बायको रूपी पोराला कडेवर घेऊन धावत आली. "हालला! तुम्हाला कळला का? आताच हालला!" आणि मुक्ताच्या तोंडून वाक्य गेलंसुद्धा. "मग तेच रे लाहू! जमीन हलली. शॉकअपचं काही नाही." इतक्या चटकन! जसं काही ते वाक्य दातांमागे तयारच उभं होतं, फक्त दार उघडायची वाट पाहत होतं. लाहूने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा तळहातांकडे पाहिलं. "असल," तो म्हणाला. "तुम्ही बोलता तर असल." संध्याकाळी शैलेशचा पुण्याहून फोन आला तेव्हा तिने त्यालाही तेच सांगितलं. शैलेश तिचा साहेब. तो खो खो हसला. "तुमच्या पालघरची जमीनपण टेस्टिंगला उतरली का? चला, म्हणजे फायनल. रविवारी शर्यतीत लाहू ह्याच शॉकअपवर उतरतोय, डीलर बघायला येतायत. सोमवारी उत्पादनाला हिरवा कंदील." मुक्ता "हो" म्हणाली. हो म्हणायला काय लागतं?

त्या शॉकअपमागे तिची तीन वर्षं गेली होती. तसं पाहिलं तर गोष्ट साधी. डोंगरातल्या सायकलच्या मागच्या चाकाला एक नळकांडं जोडलेलं असतं. त्यात हवा असते आणि तेल असतं. हवा उचलते, तेल आवरतं. नुसती हवा ठेवली तर सायकल बेडकासारखी उड्या मारत दरीत जाईल. नुसतं तेल घट्ट केलं तर प्रत्येक दगड माणसाच्या मणक्याला जाऊन भेटेल. तेल किती मोकळं सोडायचं आणि किती अडवायचं ह्यातच सगळी अक्कल. आजवर ते स्वाराने हाताने कळ फिरवून ठरवायचं. मुक्ताने तिथे एक इवलीशी झडप बसवली आणि पुढच्या चाकाला एक सेन्सर. पुढचं चाक दगडाला लागलं की तो मागे कळवतो आणि मागचं चाक तिथे पोचायच्या आत झडप उघडते. दगड गेला की मिटते. मागच्या चाकाला दगड येण्याआधी दगडाची बातमी. बैठकीत हे सांगताना तिने तेच वाक्य दोनदा म्हटलं होतं आणि लोकांना वाटलं होतं, बाई कामात फारच गुंतलेली दिसते. आणि महिन्यापूर्वी, अगदी शेवटी, तिने ती झडप आणखी चपळ केली होती. गरज नव्हती. पण होते म्हटल्यावर करून टाकली. हौस हो, दुसरं काय. झडप फार चटकन मिटली तर मागचं तेल वेळेत पोचत नाही, आत क्षणभर पोकळी राहते, नळकांड्यातला दट्ट्या त्या पोकळीतून मोकळा घसरतो आणि पुढे तेलावर जाऊन आदळतो. नेहमी नाही होत. तेल तापल्यावर, लांब उतार संपता संपता, कधीतरीच. कधीतरी तो आदळतो आणि कधीतरी स्वार नेमका वळणावर असतो. कारखान्यातल्या यंत्रावर एकदा, फक्त एकदाच, तिला तसा आवाज आल्यासारखा वाटला होता. तेव्हा ती काय म्हणाली होती? तेव्हा शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारा प्रेस चालू होता. प्रेसचा असेल, म्हणाली होती.

आत प्रल्हादराव खुर्चीतून उठत होते. त्यांचं उठणं हा एक कार्यक्रमच असायचा. आधी दोन्ही हात टेबलाच्या कडेला, मग श्वास, मग पाठ थोडी पुढे, मग पुन्हा श्वास. ते मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी त्यांनी गाडीच्या शेपटीला, सगळ्यात मागच्या डब्यात काढली. इंजिनाने ब्रेक मारला की पुढचा डबा थांबतो, दुसरा त्याच्यावर जातो, तिसरा दुसऱ्यावर. प्रत्येक जोडातली ढिलाई खात खात तो धक्का खडखडत मागे येतो आणि येता येता वाढत जातो. इंजिनातल्या माणसाला काही नाही. सगळं जाऊन आदळतं शेवटच्या डब्यातल्या एकट्या माणसावर. प्रल्हादरावांना तो खडखडाट लांबून ऐकू यायचा आणि ते दांडी घट्ट धरायचे. घरी जेवताना बाहेर कुणाची पत्र्याची बादली पडली तरी त्यांचा डावा हात ताट सोडून टेबलाची कड धरायचा. लहानपणी मुक्ताला त्याचं हसू यायचं. "पप्पा दचकले, पप्पा दचकले!" ती टाळ्या पिटायची, आणि तेही हसायचे, हात सोडून.

एकदा त्यांनी तिला त्या डब्यातून नेलं होतं. नियमात बसत नव्हतं, पण तिने इतका हट्ट धरला की घोलवडपर्यंत नेलं. ती तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. बाहेर चिकूच्या वाड्या पळत होत्या आणि ती पप्पांच्या मांडीवर बसली होती. खाली बसू दिलं नव्हतं. वाटेत कुठेतरी सिग्नल लागला. पुढून तो खडखडाट येताना तिने ऐकला, पप्पांचे हात तिच्याभोवती आवळले, आणि मग काहीच झालं नाही. नुसतं हलकंसं झुलल्यासारखं झालं. पप्पांनी विचारलं, "लागलं का?" ती म्हणाली, "नाही." "मग झालं," ते म्हणाले. पुढची कित्येक वर्षं तिची समजूत होती की पप्पांच्या डब्यात धक्के बसतच नाहीत. लोक उगाच त्यांच्या पाठीबद्दल बोलतात. कॉलेजात दुसऱ्या वर्षी स्प्रिंग आणि तेलाची गणितं करता करता एकदम तिला ती मांडी आठवली आणि हातातलं पेन तसंच राहिलं. तिला लागलं नव्हतं, कारण ते मध्ये होते. त्या दिवशी तिने ठरवलं की आयुष्यभर हेच करायचं. गार्डसाठी खुर्ची करायची होती खरी. पण तोवर पप्पा रिटायर झाले, आणि नोकरी मिळाली ती सायकलींच्या कारखान्यात. पहिला पगार झाल्यावर तिने त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "माझी पाठ गेली, आता तू निघालीस!" आणि मोठ्याने हसले होते. तिला मात्र रडू कोसळलं होतं.

"काय गं," आता ते ओट्यावर येऊन म्हणाले, "कुणाशी भांडण झालंय का?"

"नाही पप्पा."

"मग सायकलीशी झालंय? सकाळपासून तिच्याभोवती घिरट्या घालतेयस आणि तिच्याशी बोलत नाहीस."

तिने वर पाहिलं. ते तिची थट्टा करत होते, एवढंच. पण तिला तिथे उभं राहवेना. लाहूला आणि सायकलला न्यायला कंपनीचा टेम्पो संध्याकाळी कासा नाक्यावर येणार होता. तोवर वेळ होता. तिने गाडीच्या मागच्या कॅरियरला सायकल बांधली, सगळं सीटला हात न लावता, आणि निघाली. आई "जेवून तरी जा" म्हणत दारापर्यंत आली आणि हातात डबा कोंबून परत गेली. गंजाड मागे पडलं, कासा मागे पडलं. स्टिअरिंगवर तिचे हात प्रत्येक खड्डा वाचत होते आणि डोकं वाद घालत होतं. जमीन हलली हे खोटं नव्हतंच ना? हलली होती. रूपीने सांगितलं, पाड्याने सांगितलं, सकाळच्या पेपरातही आलं होतं. मग बिघडलं काय? योगायोग असतात. शिवाय लाहूलाही आजकाल भास होतात. तोच तर म्हणत होता की रात्री बाज हलल्यासारखी वाटते, उठून पाहावं तर काही नाही. सगळ्याच माणसांना वाटतं तसं हल्ली. मग एका ठोक्यावरून तीन वर्षांवर पाणी सोडायचं? आणि सोडलं तर पुन्हा वर्षभर तेच यंत्र, तेच तेल, शैलेशचा तो चेहरा. नकोच. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, उद्याच्या शर्यतीत मोठा दगडी टप्पा आहे. लाहू त्यावरून उडी घेईल. त्याच्या घरी कडेवरचं पोर आहे. तिने रेडिओ लावला, बंद केला, काच खाली केली, वर केली.

लाहू टेकडीच्या पायथ्याशी तयारच होता. नवा कंपनीचा टीशर्ट, केस पाणी लावून बसवलेले. शर्यतीसाठी तो असा आसुसला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. पाड्यात पुढे ताडपत्र्या बांधलेल्या, त्यांच्याखाली बाजा, मडकी, शाळेची दप्तरं. घरं मोकळी आणि अंगणं भरलेली.

"झाली का धुऊन?" तो सायकलकडे बघत म्हणाला. "ताई, मी रूपीला बोललो, मना आता काय कळतच नाय. जमीन कोणची नि सायकल कोणची. तुम्ही बोललात म्हणून बरा. नायतर मी उगाच काय बोललो असतो."

हे ऐकलं आणि मुक्ताला स्वतःचा असा काही राग आला! ह्या माणसाचं अंग हीच त्याची विद्या. तेच तिने त्याच्याकडून काढून घेतलं होतं, आणि वर तो तिला बरं झालं म्हणत होता.

"हेल्मेट दे," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"मीच. वरून आणते खाली."

"ताई, उतार खराब हाय. पाय मोडाल."

"मोडला तर पप्पांसारखी टेबल धरून उठेन. दे."

लाहू हसला, पण त्याने सायकल स्वतः वर ढकलत नेली. ती मागून धापा टाकत चढली. वर पोचल्यावर तिने शेवटी सीटवर तळवा ठेवला आणि दाबला. सायकल बसली आणि उठली, गुळगुळीत, बिनतक्रार. थंड तेलात ठोका सापडणार नव्हता, हे काय तिला माहीत नव्हतं? तरी तिला हायसं वाटलं. मग ती बसली आणि तिने ब्रेक सोडले.

पहिल्या वळणापर्यंत नुसती भीती होती. मग भीती मागे राहिली. पुढच्या चाकाला दगड लागायचा, हाताला सांगायचा, आणि मागे पोचेपर्यंत विरघळून जायचा. खडकाळ पट्टा आला. मोठमोठे काळे धोंडे, मधून सागाची वाळलेली पानं. खाली चाक वेड्यासारखं वर-खाली होत होतं आणि ती मात्र झुलत होती, नुसती झुलत होती. आपण केलेली वस्तू आपल्याला उचलून नेतेय ह्या आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खडक संपले. आता, ती मनाशी म्हणाली, आता येईल तर येईल, आणि तिने श्वास रोखला. सपाट लागलं. काही नाही. ठोका नाही, धक्का नाही, काही म्हणजे काही नाही. भास होता! लाहूचा भास, तिचा भास, सगळा भास. पायथ्याला येऊन ती थांबली तेव्हा ती मोठमोठ्याने हसत होती.

पण समोर कुणी हसत नव्हतं. ताडपत्रीखालची माणसं बाहेर उघड्यावर येऊन उभी होती. एक म्हातारी जमिनीवर दोन्ही हात टेकून बसली होती. कुत्री भुंकत होती. एका मांडवाचा बांबू तिरका झाला होता आणि खाली मडकं फुटून पाणी पसरलं होतं. रूपीने पोराला छातीशी आवळून धरलं होतं; ते रडून रडून लाल झालं होतं.

"ताई, पडल्या नाय ना?" रूपी ओरडली. "केवढा हालला! कालच्यापेक्षा मोठा! तुम्ही तवा मधी होतात, त्या खडकावं. मी बोलली, ताई गेली आता."

"कधी?" मुक्ता म्हणाली.

"आता, ताई! आताच! तुम्हाला नाय लागला?"

मुक्ताचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. लागलं का? नाही. मग झालं. घोलवडची वाट, भोवती आवळलेले हात, आणि ते हलकंसं झुलणं. एवढं मडकं फुटलं, बांबू कलंडला, म्हातारी बसली, आणि सायकलवर तिच्यापर्यंत त्यातलं काहीसुद्धा पोचलं नव्हतं. जमिनीचं हलणं ह्या शॉकअपने वाटेतच पिऊन टाकलं होतं. तो चांगला होता म्हणूनच. मग काल जे लाहूपर्यंत पोचलं ते जमिनीचं नव्हतं. जमिनीचं पोचूच शकत नव्हतं. ते आतून आलं होतं, तिच्या हौशीच्या झडपेतून.

लाहू टेकडी धावत उतरून आला. आधी त्याने बायकोकडे पाहिलं, पोराच्या डोक्याला हात लावला, मग हिच्याकडे वळला. मुक्ता सायकलवरून उतरली होती आणि हत्यारांच्या पिशवीतून पाना काढत होती.

"लाहू, तो ठोका खरा होता. जमीन नव्हती. शॉकअपच होता, आणि मला कालच कळलं होतं."

त्याने नव्या टीशर्टची कड ओढली. "मग उद्याचा?"

"उद्या नाही."

"मी सांभाळून उतरलो असतो, ताई." त्याचा आवाज इतका हळू होता की तिला वाटलं, ह्यापेक्षा ह्याने शिव्या द्याव्यात.

"माहितीये. म्हणूनच नाही."

तो पाठ वळवून रूपीशेजारी जाऊन बसला. थोड्या वेळाने तिने ऐकलं, तो बायकोला म्हणत होता, "मी बोललेलो ना तुला? मागून आलेला." मुक्ताने बोल्ट सोडवले. शॉकअप हातात आला, अजून गरम होता, आणि सायकल मागच्या चाकावर मटकन बसली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"अगं, ठीक आहात ना सगळे?" शैलेशचा आवाज. "आत्ता बातमी आली, परत हादरा! तुमच्या जमिनीला चैन नाही बुवा. टेम्पो निघालाय, लाहूला तयार राहायला सांग."

"शैलेश, टेम्पो परत बोलाव. कालचा ठोका जमिनीचा नव्हता."

"म्हणजे? तूच तर म्हणालीस! आणि आजही झालाच ना हादरा?"

"झाला. मी सायकलवर होते, उतारावर." तिने गरम शॉकअप दुसऱ्या हातात घेतला. "मला लागला नाही."

"तुला लागला नाही, मग काल लाहूला लागला तो..." पलीकडे शैलेश म्हणाला. शेवटी तोही इंजिनियरच होता.